काचेवरचा ओरखडा: घासावा की काच बदलावी?

गाडी घरात आली की थोड्याच दिवसांत ती घरातलीच एक होऊन जाते. अम्मीला दवाखान्यात न्यायचे असो, मुलांना शाळेत सोडायचे असो, ईदला गावी जायचे असो की लग्नसराईत खाला-फूफींना स्टेशनवरून आणायचे असो, सगळी भिस्त तिच्यावर. तिच्या पत्र्याला पोचा आला तर सगळ्या मोहल्ल्याला दिसतो. काचेवरचा ओरखडा मात्र दिवसाउजेडी कुणाच्या नजरेत भरत नाही. तो दिसतो पावसाळी रात्री, समोरून ट्रक येतो तेव्हा. ट्रकच्या दिव्यांचा उजेड त्या ओरखड्यात शिरून पसरतो, काचेवर पांढरे पट्टे उमटतात आणि क्षणभर रस्ता, सायकलवाला, कडेने चालणारी माणसे, सगळेच त्या उजेडात बुडून जाते.

म्हणून ओरखड्याचा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. आणि तो सोडवायला निघालेली माणसे बहुतेक वेळा टूथपेस्ट, खाण्याचा सोडा किंवा पॉलिश पेपर घेऊन बसतात. कधी काहीच फरक पडत नाही, कधी होते त्याहून वाईट होते. घरच्या घरी यातले किती जमते, कुठे थांबायचे आणि कुठे खर्च करणेच शहाणपणाचे, ते नीट समजून घेऊ या.

आधी पाहा, ओरखडाच आहे ना?

काचेवरची प्रत्येक रेघ ओरखडा नसते. बोअरवेलच्या जड पाण्याने गाडी धुतली की क्षारांचे पांढुरके डाग बसतात. झाडाचा चीक, भिंतीला घासून लागलेला रंग, वायपरच्या जुन्या रबराने सोडलेला काळपट थर, हे सगळे लांबून ओरखड्यासारखेच दिसते. काचेवर काळी किंवा पारदर्शक फिल्म असेल तर आतल्या बाजूची रेघ पुष्कळदा काचेवर नसून त्या फिल्मवर असते.

काच भरपूर पाण्याने धुवा. साबणाच्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसा. क्षारांच्या डागांवर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी घालून ओले कापड काही मिनिटे ठेवा, मग धुऊन टाका. व्हिनेगर रंगावर ओघळू देऊ नका. यानंतरही रेघ राहिली तर तो ओरखडा.

आता बोटाचे नख त्या रेघेवरून आडवे हलकेच फिरवा. नख काही न जाणवता सरकले तर ओरखडा वरवरचा आहे. नखाला किंचित खाच जाणवली तर मध्यम. नख तिथे अडकले तर खोल. पुढचे सगळे निर्णय या एका चाचणीवर अवलंबून आहेत.

काच कशाने ओरखडते?

पदार्थ किती कठीण आहे हे सांगण्यासाठी 1 ते 10 अशी मोज मोजपट्टी वापरतात. तिच्यावर हिरा 10 वर आहे. गाडीची काच साडेपाच ते सहाच्या आसपास येते. साध्या वाळूतला गारेचा कण, म्हणजे क्वार्ट्झ, 7 वर असतो. म्हणजे रस्त्यावरची धूळ दिसायला मऊ असली तरी तिच्यातले बारीक कण काचेहून कठीण असतात. कोरड्या काचेवर वायपर चालवला किंवा सुके फडके फिरवले की तेच कण काचेवर घासले जातात.

आपल्याकडे अनेकांच्या बोटात अकीकची अंगठी असते. अकीक हाही क्वार्ट्झच्याच घराण्यातला खडा, काचेपेक्षा कठीण. पावसाळ्यात आतून काचेवर वाफ धरली की आपण हाताच्या पालथ्या बाजूने ती पुसतो. खडा काचेला टेकला की रेघ पडलीच. वाफ पुसायला गाडीत एक मऊ कापड ठेवावे, किंवा एसीची हवा काचेवर सोडावी.

आखातात नोकरीला असलेल्या आपल्या लोकांना याचा अनुभव वेगळा सांगायला नको. वाळूच्या वादळानंतर काचेवर बसलेला थर पाण्याने न धुता वायपरने उडवला, तर एका फटक्यात अर्धवर्तुळाकार ओरखडे पडतात.

टूथपेस्टचा गैरसमज कुठून आला?

टूथपेस्टने ओरखडा जातो हे अगदीच खोटे नाही, पण ते प्लॅस्टिकच्या बाबतीत खरे आहे. आजच्या गाड्यांच्या हेडलाइटवर काच नसते, पॉलिकार्बोनेट नावाचे पारदर्शक प्लॅस्टिक असते. जुन्या मनगटी घड्याळांवर अॅक्रिलिक असायचे. हे पदार्थ मऊ आहेत, त्यामुळे टूथपेस्टमधली बारीक पूड त्यांना घासू शकते आणि पिवळट हेडलाइट काही काळ उजळतो. तोच प्रयोग काचेवर केला की हात दुखतात, ओरखडा जिथल्या तिथे. दातांना इजा होऊ नये म्हणून टूथपेस्टमधली पूड मऊच ठेवलेली असते. तिने काच कशी झिजणार? खाण्याचा सोडा तर त्याहून मऊ. या दोन्हींनी काचेवरचा मळ निघतो आणि काच चमकते, त्यामुळे ओरखडा पुसट झाल्यासारखे वाटते, एवढेच.

पॉलिश पेपर आणि भांड्यांची हिरवी खरखरीत घासणी यांची गोष्ट उलटी. त्यांच्यात काचेपेक्षा कितीतरी कठीण खर असते. एक रेघ काढायला जाल आणि हजार बारीक रेघांचा धुरकट पट्टा करून ठेवाल.

पारदर्शक नेलपॉलिश भरण्याची युक्तीही सांगितली जाते. तिने खाच भरते, पण नेलपॉलिश काचेसारखा प्रकाश वाकवत नाही, त्यामुळे तिथे एक पुसट फुगवटा दिसत राहतो. ऊन-पावसात आणि वायपरखाली ती टिकतही नाही. दगड लागून काचेला टिचकी पडली असेल तर कारागीर जी राळ भरतात ती निराळी. ती काचेच्या आत बंदिस्त भेगेत शिरते आणि अतिनील प्रकाशाने घट्ट होते. उघड्या, पसरट ओरखड्यात ती तशी बसत नाही.

खोल ओरखडा खरोखर जातो का?

पत्र्यावरचा ओरखडा रंग भरून झाकता येतो. काचेत भरायला काही नाही. काचेवरचा ओरखडा म्हणजे सपाट जमिनीत पडलेला चर. तो नाहीसा करायचा एकच मार्ग: चराच्या तळापर्यंत आजूबाजूची सगळी जमीन खाली आणायची. वरवरच्या रेघेसाठी हे काम थोडे असते. खोल ओरखडा केसाच्या जाडीइतका, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका धरला, तरी तेवढी काच आसपासच्या मोठ्या भागातून समान उतरवावी लागते. हाताने ते समान होत नाही. तिथे उथळ खळगा तयार होतो, आणि काचेतला खळगा भिंगासारखे काम करतो. त्यातून पाहिले की रस्त्यावरची रेघ वाकडी दिसते, समोरची गाडी डुलल्यासारखी वाटते, डोळे शिणतात.

म्हणजे ओरखडा गेला तरी नजरेचे नुकसान राहतेच.

गाडीत दोन प्रकारची काच असते

पुढची काच लॅमिनेटेड असते. दोन काचांमध्ये साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पारदर्शक थर असतो. 1903 साली फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेडिक्टस यांच्या हातून प्रयोगशाळेत एक काचेचे भांडे पडले. ते तडकले, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा वाळून बसला होता. त्यातून सुचलेल्या काचेचे पेटंट त्यांनी 1909 मध्ये घेतले. आज दगड लागला तरी पुढची काच अंगावर कोसळत नाही, ती याच कल्पनेमुळे.

दरवाजांच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असतात. काच सहाशे अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोतांनी एकदम थंड करतात. त्यामुळे तिचा बाहेरचा थर दाबाखाली राहतो आणि आतला भाग ताणलेला. ती मजबूत होते आणि फुटली तर धारदार सुऱ्यांऐवजी बोथट दाणे होतात. दाबाखालचा हा थर प्रत्येक बाजूला काचेच्या जाडीच्या सुमारे एक पंचमांश असतो. तोच तिचे बळ आहे. यंत्राने खरवडून तो एका जागी पातळ केला तर काच कमजोर होते. हलक्या पॉलिशने असा धोका नसतो.

कोणती काच कोणत्या प्रकारची, ते तिच्या कोपऱ्यातल्या छापावर लिहिलेले असते.

घरी पॉलिश कसे करावे?

वरवरच्या आणि काही मध्यम ओरखड्यांवर एक पूड खरोखर चालते: सिरियम ऑक्साइड. चष्म्याची भिंगे आणि दुर्बिणींचे आरसे याच पुडीने चकचकीत करतात. रंगाने ती पांढरट किंवा फिकट गुलाबी असते. पाण्याबरोबर ती काचेच्या वरच्या अगदी पातळ थरावर रासायनिक क्रिया करून तो मऊ करते आणि मग हळूहळू उतरवते. काचेच्या व्यापाऱ्यांकडे किंवा ऑनलाइन ती मिळते.

लागणारे सामान: पूड, दोन-तीन इंची फेल्ट पॅड, वेग कमी-जास्त करता येणारा ड्रिल, पाण्याची फवारणी बाटली, मास्किंग टेप, प्लॅस्टिकचा कागद, मऊ कापडे, डोळ्यांना चष्मा आणि नाका-तोंडाला मास्क. पाण्याजवळ काम असल्याने बॅटरीवर चालणारा ड्रिल बरा. अँगल ग्राइंडर मुळीच वापरू नये. त्याच्या वेगाने काच क्षणात तापते.

गाडी सावलीत उभी करा, काच थंड होऊ द्या. काच धुऊन घ्या, नाहीतर राहिलेले धुळीचे कण पॅडखाली नवे ओरखडे पाडतील. ओरखडा बाहेर असेल तर आतल्या बाजूने मार्करने त्याच्याभोवती खूण करा, म्हणजे काम करताना जागा हरवणार नाही. आजूबाजूचे रबर आणि रंग टेपने व प्लॅस्टिकने झाका. ही पूड रबराच्या फटीत वाळली की निघता निघत नाही.

पूड पाण्यात कालवून फेटलेल्या दह्याइतकी दाट करा. पॅड ओला करून त्यावर घ्या. ड्रिल चालू करण्याआधी पॅड काचेला टेकवा, मग मंद वेगाने सुरू करा. मिनिटाला हजार-दीड हजार फेरे पुरेत. हात हलका ठेवा आणि सतत फिरता. केवळ रेघेवर घासत बसू नका. रेघेच्या चहूबाजूंना चार-पाच इंच पट्टा घ्या आणि कडेला दाब कमी करत जा, म्हणजे खळगा पडणार नाही. लेप सुकू लागला की पाणी मारा. दर मिनिटाला थांबून तळहात लावून पाहा. काच कोमट लागली तर ठीक, गरम लागली तर थांबा. तापलेली काच, विशेषतः पुढची, तडकू शकते. तापलेल्या काचेवर एकदम गार पाणीही ओतू नका.

काही मिनिटांनी पुसून पाहा. बारीक रेघा अर्ध्या तासात जाऊ शकतात, हाताने घासायचे तर काही तास लागतात. मधूनमधून काचेतून खिडकीच्या गजांकडे किंवा विजेच्या खांबाकडे पाहत डोके हळू डावी-उजवीकडे हलवा. सरळ रेषा लवली, थरथरली की काम तिथेच बंद करा. ओरखडा थोडा उरला तरी चालेल. शेवटी भरपूर पाण्याने धुवा.

मागच्या काचेच्या आतल्या बाजूला वाफ घालवणाऱ्या बारीक तांबूस रेषा असतात. तिथे पॉलिश करू नये, त्या तुटतात. मागच्या काचेवरचा ‘माशाअल्लाह’ किंवा गावाच्या नावाचा जुना स्टिकर काढतानाही हेच लक्षात ठेवा. ब्लेडने खरवडण्याऐवजी हेअर ड्रायरने स्टिकर कोमट करून कडेने सोलावा आणि उरलेला डिंक साबणाच्या पाण्याने काढावा.

कुठला ओरखडा घासावा, कुठला सोडावा?

दरवाजाच्या काचेवर वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा असतील तर काच जिथून वर-खाली होते त्या पट्टीत रेती अडकली आहे. आधी ती पट्टी ब्रशने साफ करा, नाहीतर आजचे पॉलिश महिन्याभरात वाया जाईल. रेघा बारीक असतील तर पॉलिश करा. नख अडकत असेल आणि ती जागा आरशात पाहण्याच्या आड येत नसेल, तर ओरखडा आहे तसा राहू द्यायलाही हरकत नाही. फार खुपत असेल तर काच बदला. पुढच्या काचेच्या मानाने दरवाजाची काच बरीच स्वस्त असते आणि आतले पॅनेल उघडून ती एका दिवसात बदलून मिळते.

पुढच्या काचेवर, चालकाच्या डोळ्यांसमोरच्या भागात, घरी घासकाम करू नये. वायपरच्या फेऱ्यात पडलेला, नखाला लागणारा ओरखडा असेल तर काच बदलणे हाच उपाय आहे. रात्री आपल्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात; समोरच्या दिव्याचा विखुरलेला उजेड तेव्हा जास्त बाधतो. अब्बांसारख्या वयस्क चालकाला, त्यातून मोतीबिंदू सुरू झाला असेल तर, आणखीच. ‘रात्री हल्ली नीट दिसत नाही’ असे कुणी म्हणू लागले तर डोळे तपासावेतच, पण गाडीची काचही तपासावी. संध्याकाळी उतरत्या उन्हाकडे गाडीचे तोंड करून बसले की सगळे ओरखडे उघडे पडतात. जुनी गाडी विकत घेतानाही असेच पाहून घ्यावे.

काच बदलताना घाई करू नका. पुढची काच गाडीच्या सांगाड्याला गोंदाने जोडलेली असते. गाडी उलटली तर छताला आधार देणे आणि शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना तिला टेकू देणे ही कामेही ती करते. गोंद पक्का व्हायला किती वेळ लागेल ते विचारा आणि तेवढा वेळ गाडी हलवू नका. काचेमागे कॅमेरा असलेली नवी गाडी असेल तर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

विम्याचेही गणित मांडून पाहा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. संपूर्ण विम्यात अपघाताने किंवा दगड लागून झालेले नुकसान धरले जाते, आणि प्लॅस्टिक-रबराच्या भागांसारखी काचेवर घसाऱ्याची कपात होत नाही. वायपरने वर्षानुवर्षे पडलेले ओरखडे मात्र वापराची झीज समजली जाते. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस जातो. हा बोनस पहिल्या वर्षी 20 टक्क्यांपासून सुरू होऊन पुढे 50 टक्क्यांपर्यंत चढतो. काचेची किंमत आणि बुडणारा बोनस शेजारी-शेजारी लिहा, मगच ठरवा.

ओरखडा झाकण्यासाठी काळी फिल्म चिकटवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केली होती. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे, असा नियम आहे. आणि अंधारात गाडी चालवणाऱ्याला आणखी अंधार देऊन काय मिळणार?

ओरखडा पडूच नये म्हणून

वायपरचे रबर उन्हाने कडक होते, फाटते, आणि मग आतली पट्टी काचेवर घासते. म्हणून दरवर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, वायपर बदलावेत. बदलताना रबर काढलेला दांडा काचेवर आपटून काच तडकण्याचा धोका असतो. खाली जाड टॉवेल अंथरावा. दर आठवड्याला वायपरचे रबर ओल्या फडक्याने पुसावे. कोरड्या काचेवर वायपर कधीच चालवू नये. आधी पाणी मारावे. कोकणात जाताना पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेला लाल चिखल काचेवर आला की हे विसरू नये.

सोसायटीत रोज गाड्या पुसणारा मुलगा एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची रेती दहाव्या गाडीच्या काचेवर घासली जाते. त्याला रागावण्यापेक्षा आपल्या गाडीसाठी दोन मऊ कापडे वेगळी द्यावीत आणि आधी पाणी ओतून मग पुसायला सांगावे.

ज्या घराची रोजी गाडीवरच चालते, त्या टॅक्सी आणि टुरिस्ट गाडीवाल्या भावांना काचेचा खर्च जड जातो, हे खरे. पण गाडीत बसलेला प्रवासी आणि रस्त्यावरून चालणारा माणूस, दोघेही त्या प्रवासापुरते आपल्याकडे अमानत असतात. पैसे जमतील तेव्हा नवे सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम थोडी थांबू द्या. चालकासमोरची काच खोल ओरखडली असेल तर पहिला खर्च तिचा. आणि ती बदलेपर्यंत, शक्य असेल तर, लांबचा प्रवास दिवसाच करा.